दगडावरचा भात

“अस्वल कधी आपण होऊन येत नाही, आपण त्याला आवतण धाडलेलं असतं.”

दीनानाथ निजसुऱ्यांचं हे वाक्य लंडनच्या हॅरो भागातल्या मराठी घरांत इतकं फिरलं होतं, की ओट्यावर वरणाचं पातेलं उघडं राहिलं तरी कुणीतरी ते म्हणून दाखवायचं आणि बाकीचे हसायचे. ज्या मुलखात कचऱ्याच्या पिशव्या फाडणाऱ्या कोल्ह्यापलीकडे भ्यावं असं जनावर नाही, तिथे अस्वलांपासून जपून कसं राहावं हे शिकवणारा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं होतं. वरदा त्यांची बायको. ते वाक्य कानावर पडलं की तीही हसायची, पण जरा उशिरा, बाकीच्यांचं हसून झाल्यावर. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नऊ वर्षं झाली होती.

दीनानाथ चौऱ्याऐंशी साली नाशिकहून आले आणि एकतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलांच्या कामावर राहिले. सिग्नल बिघडलाच तर तो लाल होऊन बिघडला पाहिजे, हिरवा होऊन नाही, हे एक तत्त्व त्यांनी नोकरीतून घरी आणलं आणि कुकरच्या शिटीपासून प्रवासाच्या सामानापर्यंत सगळ्याला लावलं. देवाधर्माच्या बाबतीत ते उघड नाही म्हणत. मंडळाच्या गणपतीला यायचे, पण आरती सुरू झाली की बाहेर गाड्या लावून द्यायच्या कामावर उभे राहायचे. “मी पार्किंगचा भक्त,” असं म्हणायचे, आणि लोकांना त्यांचं तेही आवडायचं.

त्यांचा खरा जीव ट्रेलर टेंटमध्ये. घरासमोर ड्राइव्हवर तो उभा असे: दोन चाकांची, कमरेइतकी उंच पेटी. गाडीमागे जोडून न्यायची, मुक्कामावर झाकण उलटायचं, की दोन्ही अंगांनी कॅनव्हासच्या भिंतींच्या दोन खोल्या बाहेर येत. वेल्समध्ये, डेव्हनमध्ये, धो धो पावसात त्यांनी कितीतरी मराठी कुटुंबांना तो उभारायला शिकवलं होतं. कुणाला हवा असला तर ते तो फुकट देत, वर खुंट्या ठोकायला स्वतः जात. निजसुऱ्यांना मूल नव्हतं. लोकांच्या मुलांना ते गाठी मारायला शिकवत. त्या मुलांत त्यांच्या सगळ्यात जवळची म्हणजे सान्वी, त्यांचे स्नेही उल्हास आणि शिल्पा यांची मुलगी. दोघं नोकरीला, म्हणून लहानपणी तिचे निम्मे शनिवार काका-काकूंकडेच जात. ती दीनानाथांच्या मोजपट्टीनं घरातलं सगळं मोजायची, मांजरसुद्धा.

दोन हजार चौदाच्या श्रावणात नाशिकला दीनानाथांचे वडील गेले. दीनानाथ पोचले ते तेराव्याला. क्रियाकर्म धाकट्या भावानं केलं होतं. पुढच्या वर्षी त्याच भावाचा फोन आला, “दादा, वर्षश्राद्धाला तरी येतोस ना?” तोवर कॅनडाची तिकिटं निघाली होती. निजसुरे दोघं आणि उल्हासचं कुटुंब, ऑगस्टमध्ये, रॉकी पर्वतात. दीनानाथांनी वर्षभर नकाशे गोळा केले होते. ते भावाला म्हणाले, “तू आहेस ना तिथे.” फोन ठेवला आणि बराच वेळ परसात नळी न जोडता नुसता नळ घासत बसले. वरदानं स्वयंपाकघरातून पाहिलं. पंचांगात तिथी पाहिली, ती नेमकी प्रवासात येत होती. तिनं काळ्या तिळांची एक छोटी डबी सामानात टाकली. त्यांना सांगितलं नाही.

तिथे पोचल्यावर दोन ट्रेलर भाड्यानं घेतले, असेच कापडी भिंतींचे. कॅम्पच्या फाटकावर पाटी होती, की कापडी भिंतीवाल्यांनी विशेष काळजी घ्यावी. दीनानाथांना ती पाटी म्हणजे मानपत्रच वाटलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. पत्र्याच्या कॅरव्हॅनला भिंत असते, आपल्याला फक्त पडदा आहे. पडद्याआड खायचं नाही, शिजवायचं नाही. स्वयंपाक त्या टोकाच्या छपराखाली. ज्या कपड्यांत फोडणी घातली त्या कपड्यांत झोपायचं नाही. खाण्याचं सगळं, आणि खाण्याचं नसलं तरी ज्याला वास आहे ते सगळं, टूथपेस्ट, साबण, डोक्याचं तेल, गाडीच्या डिकीत किंवा कॅम्पच्या लोखंडी कपाटात.

“हिंगसुद्धा?” शिल्पानं विचारलं.

“हिंग आधी. हिंगाच्या वासावर अस्वल पत्ता विचारत येईल.”

“आणि उल्हासचे मोजे?”

“मोजे असू देत,” दीनानाथ म्हणाले. “तो वास आला की ते परत जाईल.”

उल्हास त्या दिवसापासून त्यांना कॅप्टन म्हणायला लागला. आणि अकरा वर्षांच्या सान्वीला कॅप्टननं हुद्दा दिला, वासाची इन्स्पेक्टर. रोज संध्याकाळी ती दोन्ही ट्रेलरांत शिरून, उशा उचलून, नाक फुगवून हुंगत फिरायची. काकूच्या पर्समधून तिनं बडीशेपेची पुडी पकडली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो वरदाला पुढे कित्येक वर्षं आठवायला नको वाटायचा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दीनानाथ नकाशा पाहत बसले होते. वर न बघता म्हणाले, “उद्या बाबांची तिथी आहे.”

“माहीत आहे.”

“थोडा भात टाकशील? कुणाला कशाला सांगायचं.”

तीस वर्षं आरतीच्या वेळी बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला चारचौघांत ते सांगायची लाज वाटली. वरदाला ती लाज समजली. त्या क्षणी तिला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि पुढचं सगळं त्या मायेतून झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे सँडविच खात असताना ती म्हणाली, “माझं पोट जरा बरं नाही, मूठभर दहीभात करून घेते.” म्हणजे पहिलं खोटं तिचं होतं. हे ती स्वतःला कधी विसरू देत नसे.

भातात तीळ कालवून दीनानाथांनी त्याचा गोळा केला. कागदी बशीत ठेवला. ट्रेलरांच्या मागे तीसेक पावलांवर झाडांच्या कडेला एक सपाट दगड होता, त्याच्यावर बशी ठेवली आणि हात जोडून उभे राहिले. समोरच्या झाडावर एक कावळा होता, डोमकावळा, कोंबडीएवढा मोठा. तो भाताकडे बघत होता आणि खाली येत नव्हता.

कावळा शिवत नाही तेव्हा गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा मनाशी धरून ‘करीन’ असं म्हणायचं असतं. वरदा चार पावलं मागे होती. तिनं नवऱ्याला पुटपुटताना ऐकलं, “पुढच्या वर्षी येतो, बाबा.” कावळा हलला नाही. “खरंच येतो.” कावळ्यानं मान वळवली. असा अर्धा तास गेला असेल. त्यांच्या पाठीचं कापड घामानं चिकटलं होतं. मग रस्त्याकडून उल्हासनं गाडीचा हॉर्न वाजवला. तीन वाजता तळ्यावर त्यांच्या होड्या ठरल्या होत्या.

“मी उचलून डिकीत ठेवते,” वरदा म्हणाली.

“ठेवलेला पिंड उचलत नाहीत.”

“मग तुमचा नियम?”

“अगं, तो घेईल. आपण जायची वाट बघतोय. कावळाच आहे, लाजतोय.”

वरदाला नियम तोंडपाठ होता. बशी हाताच्या अंतरावर होती. ती वळली आणि नवऱ्यामागून चालू लागली.

पाचला ते परत आले तेव्हा उल्हासच्या ट्रेलरची मागची भिंत वरपासून खालपर्यंत फाटलेली होती. गादी अर्धी बाहेर ओढलेली. आत कुणी नव्हतं, कुणाला काही झालं नाही. कॅम्पची रेंजर आली, उंच, पिकलेल्या केसांची बाई. तिनं फाटक्या कापडाच्या आत हात घालून गादीच्या खालून एक गुलाबी नळी काढली, दातांनी चावलेली. स्ट्रॉबेरीचा लिप बाम. सान्वीचा.

“अजून काही होतं का बाहेर? खायचं? कुणीही ठेवलेलं?” रेंजरनं इंग्रजीत विचारलं.

दीनानाथ पुढे होते. कॅप्टन तेच. ते म्हणाले, “नाही. आम्ही याबाबतीत फार काटेकोर आहोत.”

त्या बाईनं लिहून घेतलं. उल्हासच्या नावावर ताकीद गेली. वरदा हळूच मागे गेली. दगड लख्ख होता, बशीसुद्धा राहिली नव्हती. एक-दोन शितं चिकटली होती. तिनं बाटलीतलं पाणी ओतून ती धुऊन टाकली. असं का केलं हे तिला त्या वेळी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, स्वच्छता. तिला रात्रंदिवस आठवायचे ते तिचे हात. नवऱ्यानं तोंडानं केलं ते तिनं हातांनी केलं होतं.

दोन दिवसांनी तीच रेंजर मुद्दाम सांगायला आली. अस्वल त्याच रात्री दुसऱ्या एका तंबूत शिरलं होतं, आत माणसं असताना. माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते थांबत नाही. त्यांना ते मारावं लागलं. चार वर्षांची मादी.

सान्वी रडली नाही. ती आत गेली. टूथपेस्ट, साबण, रंगपेन्सिली, वासाचं खोडरबर, सगळं एका पिशवीत भरलं, आणि निघायची वेळ होईपर्यंत ती पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहिली. दीनानाथ तिच्याजवळ गेले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“तू लहान आहेस बाळा,” ते म्हणाले. “अशा चुका होतात.”

वरदा तिथेच होती, टॉवेलांच्या घड्या घालत. ते वाक्य ऐकून तिनं शेवटच्या टॉवेलची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

परत आल्यावर दिवाळीच्या कार्यक्रमात उल्हासनंच गोष्ट रंगवून सांगितली. तो हसऱ्या स्वभावाचा, त्याच्या दृष्टीनं ती सगळ्यांवर मात करणारी प्रवासाची गोष्ट होती. मंडळाचं काम बघणारा स्वानंद तिथे होता. तो म्हणाला, काका, याच्यावर बोलाच तुम्ही, आपल्यातले किती जण तिकडे जातात. पहिल्या वर्षी दीनानाथांनी आढेवेढे घेतले. दुसऱ्या वर्षी लॅपटॉप घेतला. तिसऱ्या वर्षीपासून दर एप्रिलमध्ये चर्चच्या हॉलमध्ये त्यांचं भाषण ठरलेलं. त्यात एक स्लाइड होती, पडदाभर गुलाबी लिप बाम. “एवढीशी वस्तू,” ते म्हणायचे, आणि बोटांनी दाखवायचे. मग म्हणायचे, “मेनू कार्ड म्हणून तेवढं पुरतं.” तिथे हशा ठरलेला होता. नाव ते घ्यायचे नाहीत. घ्यायची गरजही नव्हती.

दुसऱ्या वर्षाच्या भाषणानंतर घरी येताना गाडीत वरदा म्हणाली होती, “उल्हासला तरी सांगू या.”

त्यांनी गाडीचा वेग कमी केला, मागच्या आरशात पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. “आता सांगून काय ते अस्वल उठणार आहे?”

“अस्वलाचं नाही म्हणत मी.”

“पोर विसरलीसुद्धा.”

पोर विसरली नव्हती. वरदानं पाहिलं होतं. तेरा-चौदा वर्षांची सान्वी त्यांच्याकडे चहाला आली की आधी दारातच दप्तर रिकामं करायची, डबा, च्युइंगम, सगळं ओट्यावर, मग आत यायची. शिल्पा थट्टेनं म्हणायची, “वरदाताई, आमच्याकडे पोलिसातलं कुत्रं जन्माला आलंय. रात्री उठून माझी पर्स हुंगते.” उल्हास हसायचा. वरदा उशिरा हसायची. कॉलेजला ब्रिस्टलला गेल्यावर सान्वीनं निजसुऱ्यांकडे येणं जवळपास बंद केलं. दीनानाथ म्हणायचे, मोठी झाली. नाशिकलाही ते नंतर कुठल्या श्रावणात गेले नाहीत. त्याचं वरदानं कधी नाव काढलं नाही. एकाचं नाव काढलं असतं तर दुसऱ्याचं निघालं असतं.

यंदाच्या एप्रिलमध्ये रविवारी दुपारी दोनला हॉल भरला. साठेक माणसं, मागे टेबलावर चहाचा थर्मास आणि बटाटेवडे. वरदा कप मांडत होती. दारातून शिल्पा आणि उल्हास आले, त्यांच्यामागे सान्वी. वीस वर्षांची, केस कापलेले, खांद्याला पिशवी. भाषणाला ती कधीच आली नव्हती.

“जूनमध्ये कॅनडाला चाललीय, वर्षभर,” शिल्पा म्हणाली. “विमानाच्या कंपनीत प्लेसमेंट. म्हटलं काकांचं ऐकून तरी जा. तर म्हणाली, मी येणारच होते.”

“काकू,” सान्वी म्हणाली, आणि तिला वाकून मिठी मारली. तिला कसलाच वास नव्हता, साबणाचासुद्धा नाही.

वरदा कप तसेच टाकून पुढे गेली. दीनानाथ वायर जोडत होते.

“अहो, सान्वी आलीय.”

“बघितलं. छान झालं.”

“ती स्लाइड आज नको.”

“कोणती?”

“तुम्हाला माहीत आहे कोणती.”

ते वायरीकडेच बघत होते. “त्यात कुणाचं नाव आहे का? आणि मधली एक काढली की पुढचं सगळं सरकतं.”

“मग सरकू दे.”

“वरदा, लोक बसलेत.”

ती जाऊन दुसऱ्या रांगेत बसली. सान्वी तिच्या मागच्या रांगेत, मधल्या वाटेला लागून. स्वानंदनं दोन शब्द सांगितले, टाळ्या झाल्या. भाषण नेहमीसारखं चाललं आणि नेहमीसारखं चांगलं चाललं. कापडी भिंतीच्या ट्रेलरनं कुठे उतरावं: विजेच्या कुंपणाचा कॅम्प मिळाला तर तोच, आणि कित्येक ठिकाणी कापडाला मुळात परवानगीच नसते, तेव्हा आधी फोन करा. बेरीच्या झुडपांजवळ नाही, ओढ्याकाठी नाही. चालताना बोलत चला. “मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको,” ते म्हणाले, आणि लोक हसले. मिरचीचा फवारा पिशवीच्या तळाशी नाही, कमरेला. अस्वल दिसलं तर पळायचं नाही. कॅनव्हास वास धरून ठेवतो, आज घातलेली फोडणी तो पुढच्या महिन्यात सांगतो.

वरदा वाट बघत होती. सतरावी स्लाइड. दीनानाथांचा अंगठा क्षणभर थांबला असं तिला वाटलं. मग पडद्यावर गुलाबी नळी आली, दाराएवढी.

“एवढीशी वस्तू,” ते म्हणाले.

हशा झाला. तो सवयीचा हशा होता, काही जण वाक्य पुरं व्हायच्या आधीच हसले. वरदानं मागे वळून पाहिलं नाही. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं.

“काका,” मागून आवाज आला. सान्वी उभी राहिली होती. “सॉरी, मध्ये बोलते. तो लिप बाम माझी होती.”

आता वेगळं हसू आलं, जरा अवघडलेलं. उल्हास म्हणाला, “अगं, सगळ्यांना माहीत आहे ते, बस.”

“हो, बाबा, आय नो सगळ्यांना माहीत आहे.” ती बसली नाही. “हसण्यासाठी नाही सांगत मी. मला एक विचारायचं आहे काकांना. मी इतकी वर्षं विचार करायची, की एवढ्या छोट्या गोष्टीनं कसं काय. म्हणून लास्ट इयर मी तिथल्या नॅशनल पार्कला लिहिलं. मारलेल्या बेअरची ते तपासणी करतात, पोट उघडून. त्याची रिपोर्ट असते. मागितली की देतात, वेळ लागतो फक्त. ती मला मार्चमध्ये आली.”

तिनं फोन काढला. दीनानाथ पडद्याशेजारी उभे होते, रिमोट हातात. लिप बामचा गुलाबी उजेड त्यांच्या अर्ध्या सदऱ्यावर पडला होता.

“बेरी आहेत खूप,” सान्वी वाचत, मनात मराठी करत म्हणाली. “गवत. मग पेपर, पांढरा, प्लेटसारखा. शिजवलेला भात. आणि भातामध्ये छोट्या काळ्या बिया. त्यांना कसल्या ते कळलं नाही, पण फोटो आहे. मी झूम केली. मला वाटतं ते तीळ आहेत. काळे तीळ.”

तिनं वर पाहिलं.

“आपण त्या दिवशी सँडविच खाल्ले होते. मला पक्कं आठवतं. आणि काळे तीळ घालून कोण भात करतं? मी फ्रेंड्सना विचारलं, सुशी म्हणाले. पण तिथे आपल्याशिवाय कुणी भात करणारे नव्हते. म्हणून म्हटलं काकांना आठवत असेल.”

तिनं हे सरळ विचारलं होतं. कुणाकडे बोट नव्हतं. या देशात वाढलेल्या मुलीला ठाऊक नव्हतं, की काळे तीळ घातलेला भात कशासाठी करतात आणि कुणासाठी ठेवतात. त्या हॉलमध्ये चाळिशीच्या पुढे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मागच्या रांगेतलं कुणीतरी वडा खात होतं, ते खायचं थांबलं. एका म्हाताऱ्या बाईंनी शेजारणीचा हात दाबला. उल्हासची मान खाली गेली, तो काहीतरी मोजत होता, दिवस, महिना, श्रावण. शिल्पा हळूहळू वळली आणि तिनं वरदाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग यायचा होता. अजून आला नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि तो रागापेक्षा वाईट होता.

दीनानाथ बोलतील, असं वरदाला वाटलं. या घटकेला तरी. ते आता चष्मा काढतील आणि म्हणतील, बाळा, तो भात माझा होता. एवढेच शब्द. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, जणू पुढची स्लाइड आपोआप येणार होती.

“काका?” सान्वी म्हणाली.

“भात मी शिजवला होता,” वरदा म्हणाली.

तिचा आवाज इतका हळू निघाला की पुढच्या रांगेतल्यांना तो नीट ऐकू आला नाही, त्यांनी वळून पाहिलं. ती उभी राहिली. चारचौघांत नवऱ्याला तिनं कधी अडवलं नव्हतं. आता अडवताना तिला शौर्य वाटलं नाही, उलट जास्तच लाज वाटली. नऊ वर्षांत हे करायला शेकडो एकांत मिळाले होते, सान्वी तिच्या ओट्यावर दप्तर रिकामं करत होती तेव्हा तर फक्त दोघीच होत्या.

“त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं, सान्वी. मी खोटं सांगितलं. तो भात मागे दगडावर ठेवला होता, तुझ्या लिप बामच्या आधी ते अस्वल त्या वासानं आलं. नंतर मी तो दगड धुतला. तुझी चूक नव्हती. आधीही नव्हती.” तिनं पडद्याच्या दिशेनं हात केला. “कशासाठी ठेवला होता, ते तुझ्या काकांनी सांगायचं आहे.”

सान्वी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या हातातला फोन खाली आला होता. चेहऱ्यावर सुटका नव्हती, आनंद नव्हता. कुणीतरी तिच्या खोलीतलं सगळं सामान हलवून ठेवावं आणि तिला दिवा कुठे ते सापडू नये, तशी ती दिसत होती.

“आठ, नाही, नऊ वर्षं?” ती म्हणाली.

“हो.”

“तुम्ही दोघांना माहीत होतं?”

“हो.”

“आणि मी लहान आहे, चुका होतात, असं काका म्हणाले होते.”

“मी ऐकलं होतं,” वरदा म्हणाली.

उल्हास उठला. “कॅप्टन,” तो म्हणाला, आणि ते त्याच्या सवयीनं तोंडून निघालं, म्हणून तो पुन्हा म्हणाला, “दीनानाथ, काहीतरी बोला हो. माझ्या पोरीनं विचारलंय.”

स्वानंदनं पुढे होऊन प्रोजेक्टर बंद केला, खिडक्यांवरचं कापड सरकवलं. पडदा पांढरा झाला, हॉलमधला नेहमीचा दिवसाचा उजेड परत आला आणि त्या उजेडात दीनानाथ एकदम सदुसष्ट वर्षांचे दिसले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, पण वरदाला ते सहन होईना. तिनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. आज सकाळी तिनंच पॉलिश केलेले बूट. एक क्षण तिला वाटलं, आपण जाऊन त्यांच्याशेजारी उभं राहावं. ती गेली नाही.

दीनानाथांनी रिमोट टेबलावर ठेवला. चष्मा काढला, डबीत घातला, डबी खिशात. खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला आणि नीट अंगात घातला, दोन्ही बटणं लावली. मग ते मधल्या वाटेनं चालू लागले. कुणाच्या बाजूला त्यांनी पाहिलं नाही. वरदाच्या रांगेपाशी ते थांबले नाहीत. पुढे सान्वी वाटेतच उभी होती, तिची पिशवी खाली पडलेली. त्यांचं पाऊल तिथे थांबलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि अजून ऐकायला तयार होती, एवढं सगळ्यांना दिसलं.

त्यांचे ओठ हलले, किंवा हलल्यासारखे वाटले.

मग सान्वी वाकली, तिनं पिशवी उचलली, आणि मोठ्या माणसाला वाट द्यायची म्हणून आपली खुर्ची मागे ओढून बाजूला झाली. दीनानाथ त्या वाटेनं पुढे गेले, दार ढकललं, आणि एक शब्द न बोलता बाहेर पडले.